उपग्रहाच्या काट्यावर शिक्का कोणाचा?

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला एकही तालुका त्या यादीत नव्हता. नकाशा समोर ठेवला तर चित्र विचित्र दिसत होते. उत्तरेकडचे सिन्नर आणि येवला यादीत, नैर्ऋत्येचे शिरूर आणि दौंड यादीत, दक्षिणेचा करमाळा यादीत. तीन बाजूंना दुष्काळ आणि मधल्या १४ तालुक्यांत कागदोपत्री सुकाळ. पुढे नोव्हेंबरात हजारावर महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली, तेव्हा या जिल्ह्यातल्या अनेक मंडळांचा समावेश झाला. त्या वेळी कसोटी होती ती पावसाची, सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी झालेल्या पावसाची.

तालुक्यांची पहिली यादी उपग्रहानेच ठरवली, असे म्हणणे चुकीचे होईल. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे आधी पावसाची तूट पाहतात. ती भरली तर पेरणीचे क्षेत्र, जमिनीतला ओलावा, धरणे आणि भूजल यांच्याबरोबर उपग्रहाने टिपलेली हिरवाई विचारात घेतात. शेवटी गावात जाऊन तपासणी होते. पण या साखळीत उपग्रहाचा वाटा वाढतो आहे. पीक विम्यात तर तो थेट पैशाशी जोडला गेला आहे. २०२३ च्या खरिपापासून 'येस-टेक' नावाच्या पद्धतीने भात आणि गव्हाच्या विमा उत्पादनात तंत्रज्ञानावर आधारित अंदाजाला किमान ३० टक्के भारांकन देणे केंद्राने बंधनकारक केले. २०२४ च्या खरिपात सोयाबीनही त्यात आले. ही पद्धत राबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आहे.

म्हणजे नेवाशाच्या किंवा शेवगावच्या सोयाबीनवाल्याला भरपाई मिळणार की नाही, हे आता काही अंशी सातआठशे किलोमीटर उंचीवरच्या कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. हा कॅमेरा बरोबर मोजतो का, आणि त्याच्या मोजण्यातून काढलेला अर्थ आपल्या मातीत खरा ठरतो का, हे कोण तपासते? तपासले असेल तर तो निकाल शेतकऱ्याला कुठे वाचायला मिळतो? आमच्या मते या सगळ्या व्यवहारात सर्वात कच्चा दुवा हाच आहे, आणि त्यावर सर्वात कमी बोलले जाते.

काटा बरोबर, पण वजन कशाचे?

ऊस पट्ट्यातल्या वाचकाला या प्रश्नाचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली, तिथे 'काटा मारणे' हा शब्दप्रयोग शाळकरी पोरालाही कळतो. म्हणून तर वैधमापन शास्त्र विभाग आहे. त्याचा निरीक्षक प्रमाणित वजने घेऊन येतो, काट्यावर ठेवतो, फरक बघतो आणि मगच शिक्का मारतो. मुदत संपली की पुन्हा तपासणी. तरीही शंका असलेला शेतकरी गाडी आधी बाहेरच्या काट्यावरून घालून आणतो.

उपग्रह हाही एक काटाच आहे, फक्त तो वजनाऐवजी प्रकाश मोजतो. जमिनीवर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी किती आणि कोणत्या रंगाचा प्रकाश परत वर आला, एवढेच त्याला कळते. बाजरी, दुष्काळ, उत्पादन हे शब्द त्याला ठाऊक नाहीत. ते अर्थ आपण नंतर लावतो.

त्यामुळे तपासण्याही दोन लागतात. पहिली कॅलिब्रेशन, म्हणजे मापांकन: यंत्राने सांगितलेला प्रकाशाचा आकडा खरा आहे का. दुसरी पडताळणी: त्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष शेतात जाऊन पाहिल्यावर टिकतो का. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर काटा अगदी बरोबर असला तरी गाडीत ऊस किती आणि पाचट-माती किती, हे काटा सांगत नाही. ती तपासणी वेगळी. सरकारी पत्रकांत या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. 'अत्याधुनिक उपग्रह' म्हटले की दोन्ही प्रश्न मिटले असे गृहीत धरले जाते.

आकाशातला काटा तपासायचा कसा?

काटा बिघडला तर निरीक्षक दारात येतो. उपग्रह एकदा सुटला की त्याला हात लावता येत नाही. उड्डाणापूर्वी प्रयोगशाळेत ज्ञात तेजाच्या दिव्यासमोर कॅमेरा ठेवून प्रत्येक संवेदकाची नोंद करतात. पण उड्डाणाचे हादरे, अतिनील किरणे आणि वर्षानुवर्षांची झीज यांनी त्याची दृष्टी हळूहळू बदलते. आपल्या चष्म्याचा नंबर बदलतो तसेच.

यावर वेगवेगळे उपाय आहेत. भारतीय रिसोर्ससॅट मालिकेतल्या कॅमेऱ्यांत तपासणीसाठी छोटे एलईडी दिवे बसवलेले असतात. युरोपचे सेंटिनेल-२ आणि अमेरिकेचे लँडसॅट आपल्या सोबत एक पांढरी पाटी बाळगतात. तिच्यावर सूर्यप्रकाश घेऊन कॅमेरा स्वतःला ताडून बघतो. आता ही पाटीही उन्हाने पिवळी पडणार, मग तिला कोण तपासणार? त्यासाठी लँडसॅट-८ दर महिन्याला पौर्णिमेच्या आसपास मान वळवून चंद्राकडे बघतो. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, झाडे नाहीत, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग आपल्या हिशेबाने बदलतच नाही. सहारा वाळवंटातल्या काही जागा, त्यातही लिबियातली एक वाळूच्या टेकड्यांची जागा, जगभरचे उपग्रह अशाच कसोटीच्या दगडासारखी वापरतात.

भारताचा कसोटीचा दगड म्हणजे कच्छचे रण. मिठाचे पांढरे, सपाट, झाडझुडूप नसलेले मैदान. उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळी अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे शास्त्रज्ञ तिथे उपकरणे घेऊन उभे असतात. आधी एका प्रमाणित पांढऱ्या फलकावरून परतणारा प्रकाश मोजायचा, मग मिठाच्या जमिनीवरून परतणारा, पुन्हा फलकावरून. दुसरे उपकरण सूर्याकडे रोखून हवेत धूळ आणि बाष्प किती आहे ते मोजते. त्यावरून आकाशात किती प्रकाश पोहोचायला हवा होता याचे गणित मांडतात आणि उपग्रहाने प्रत्यक्ष किती नोंदवला याच्याशी ताळा करतात. हे काम दिसायला साधे आहे. पण मधेच एखादा ढग आला तर दिवस वाया गेला.

इतके सगळे करून चांगल्या उपग्रहाच्या मोजमापात साधारण तीन ते पाच टक्के अनिश्चितता मान्य केली जाते. कारखान्याच्या काट्याला एवढी सूट दिली तर मोर्चा निघेल! पण ७८६ किलोमीटरवरून, मधली सगळी हवा ओलांडून केलेले मोजमाप म्हणून ही अचूकता खरोखर मोठी आहे. अडचण वेगळीच आहे. ही तीन ते पाच टक्क्यांची ओळ मूळ तांत्रिक दस्तऐवजात ठळक असते. तालुक्याच्या अहवालापर्यंत येता येता ती गळून पडते.

डोळा म्हातारा झाला आणि जंगल वाळले

हे सगळे शास्त्रज्ञांचे फाजील सोवळे वाटत असेल, तर एक घडलेली गोष्ट. अमेरिकेचा टेरा हा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये सुटला. त्यावरचा मोडिस कॅमेरा जगभर हिरवाई मोजण्यासाठी वापरला गेला. देशोदेशींच्या दुष्काळ-निरीक्षणात, आपल्याकडेही, त्याचे आकडे आले. काही वर्षांनी त्याच्या नोंदींत अनेक भागांतली वनस्पती हळूहळू कमी होताना दिसू लागली. गंमत म्हणजे २००२ मध्ये सुटलेल्या ॲक्वा या उपग्रहावर तसाच कॅमेरा होता आणि त्याला ही घट तेवढी दिसत नव्हती.

शोध घेतल्यावर दोष सापडला तो टेराच्या कॅमेऱ्यात. त्याची निळा रंग टिपण्याची क्षमता क्षीण होत चालली होती. हवेतल्या धुळीची दुरुस्ती त्याच रंगाच्या आधारे होत असल्याने चूक पुढे हिरवाईच्या आकड्यात उतरली. २०१२ मध्ये यावर शोधनिबंध आला आणि पुढे सुधारित आकडे तयार झाले. म्हातारा झाला होता डोळा, पण वाळलेले दिसले ते जंगल. शेजारी दुसरा उपग्रह नसता तर हे कळायला किती वर्षे लागली असती?

वजाबाकी विसरली तर

दुसरे उदाहरण आणखी जवळचे आहे, कारण सेंटिनेल-२ ची छायाचित्रे फुकट मिळतात आणि शेतीची बहुतेक मोबाइल ॲप ती वापरतात.

हिरवाईचा आकडा कसा निघतो, ते आधी बघू. निरोगी पान लाल प्रकाश पिऊन टाकते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकते. या दोघांतला फरक भागिले दोघांची बेरीज म्हणजे एनडीव्हीआय. समजा उपग्रहाच्या नोंदीत लाल ४०० आणि अवरक्त ४०००. फरक ३६००, बेरीज ४४००. निर्देशांक आला ०.८२. पीक झकास.

२५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अंतराळ संस्थेने या छायाचित्रांच्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवायला सुरुवात केली. कारण रास्त होते. गडद जागांवर मोजमाप कधी कधी शून्याच्या खाली जाते आणि ते कापले जाऊ नये. वापरणाऱ्याने आधी १००० वजा करायचे, असे स्पष्ट सांगितलेही होते. पण एखाद्याने ती सूचना वाचली नाही तर? तेच शेत, तेच पीक: लाल १४००, अवरक्त ५०००. फरक ३६००च, बेरीज मात्र ६४००. निर्देशांक ०.५६.

म्हणजे एका विसरलेल्या वजाबाकीने हिरवाई ३१ टक्क्यांनी घटली. आता दुष्काळ संहिता काढून बघा. नेहमीच्या तुलनेत हा निर्देशांक २० ते ३० टक्के कमी असेल तर मध्यम आणि ३० टक्क्यांहून कमी असेल तर तीव्र परिणाम, अशी तिची प्रतवारी आहे. तुडुंब भरलेले शेत आकडेमोडीत 'तीव्र' गटात जाऊन बसले!

अशी ढोबळ चूक जाणकाराच्या लगेच लक्षात येते. गुगल अर्थ इंजिनवर तर या बदलाचा मेळ घातलेला वेगळा संच ठेवलेला आहे. खरी भीती बारीक चुकांची आहे. लाल रंगात पाच टक्के जास्त आणि अवरक्तात पाच टक्के कमी असे झाले, तर ०.६० चे ०.५७ होते. एवढ्याने कोणाला शंका येत नाही. पण जे मंडळ निकषाच्या उंबरठ्यावर उभे आहे, ते एवढ्या धक्क्याने आत किंवा बाहेर पडते.

एक ठिपका, एक गुंठा

सेंटिनेल-२ चा सर्वात बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. एवढा जुळून आलेला योगायोग मराठी शेतकऱ्याला दुसरा मिळणार नाही. लँडसॅटचा ठिपका साधारण नऊ गुंठ्यांचा. भारतीय रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ चा साडेपाच गुंठ्यांचा, तर त्याच उपग्रहावरच्या एविफ्स या रुंद पट्टा टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा ३१ गुंठ्यांचा. आणि मोडिसचा? त्याचा सर्वात बारीक ठिपकाही सुमारे साडेपंधरा एकरांचा.

पाथर्डी किंवा पारनेरच्या डोंगरउतारावर साडेपंधरा एकरांत काय काय येते ते डोळ्यांसमोर आणा. दोन बांध, बांधावरची लिंबाची झाडे, विहिरीच्या पाण्यावरचा कांद्याचा तुकडा, करपलेली बाजरी, एक शेततळे, थोडे माळरान. या सगळ्याचा मिळून एकच आकडा. ज्याची बाजरी गेली त्याला तो आकडा दाखवून उपयोग नाही, आणि शेजारच्या कांदेवाल्याला त्याची गरज नाही.

बारीक ठिपक्याचीही अडचण आहेच. नकाशा एका ठिपक्याने सरकला तरी दोन गुंठे रुंदीच्या पट्टीत शेजाऱ्याचे पीक आपल्या नावावर लागते. खरिपात तर पंचाईत अधिक. सेंटिनेल-२ ची जोडी दर पाच दिवसांनी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी अकराच्या सुमारास डोक्यावरून जाते. पण ढग असला की प्रकाश मोजणारा कॅमेरा आंधळा. जुलै-ऑगस्टमध्ये, पीक ठरण्याच्या ऐन काळात, हाती चार-दोन स्वच्छ चित्रे आली तरी नशीब. म्हणून रडारवाल्या उपग्रहांची जोड देतात, पण रडारचे अर्थ लावणे हा वेगळाच विषय आहे. मंडळाचा अंदाज किती स्वच्छ चित्रांवर उभा आहे, हे तरी त्या अंदाजाशेजारी छापायला काय हरकत आहे?

हिरवे म्हणजे पीक नव्हे

कॅलिब्रेशन जगात कुठेही करता येते. पडताळणी मात्र त्या त्या मातीतच करावी लागते, आणि अहिल्यानगर हा त्यासाठी अवघड जिल्हा आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर. एका टोकाला अकोल्यात कळसूबाईच्या पायथ्याची भात खाचरे, दुसऱ्या टोकाला जामखेडचा कोरडा पट्टा. मध्ये मुळा आणि प्रवरेच्या कालव्यांवरचा ऊस, श्रीगोंदा-कर्जतला कुकडीचे पाणी. अकोल्यात चालणारे सूत्र जामखेडला लावले तर फसणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

कालव्याकाठच्या मंडळात ऊस बारा महिने हिरवा. त्याच मंडळात कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी चढत नाही, तिथली तूर आणि बाजरी माना टाकते. मंडळाची सरासरी काढली की ऊस तिच्यावर पांघरूण घालतो. उपग्रहाने खोटे सांगितलेले नसते, प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. आधी पिकाप्रमाणे शेते वेगळी काढून मग हिरवाई बघितली तर हे टळते. पण त्यासाठी पिकांचा नकाशा बरोबर हवा, आणि त्याचीही पडताळणी हवी.

दक्षिणेच्या तालुक्यांत रब्बी ज्वारीसाठी अनेक जमिनी खरिपात मुद्दाम मोकळ्या ठेवतात. ऑगस्टमध्ये त्या काळ्याभोर दिसतात. ती दुष्काळाची खूण नाही, तिथल्या शेतीची शिस्त आहे. उलट उशिराचा पाऊस झाला की पडीक रानात तण आणि ओढ्याकाठी वेडी बाभूळ तरारून येते आणि निर्देशांक चढतो, तोपर्यंत खरिपाचे पीक हातचे गेलेले असते.

सोयाबीनची गोष्ट आणखी बोलकी आहे. ऐन फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पावसाने ताण दिला, पुढे पाऊस आला, तर झाड पुन्हा हिरवेगार होते. शेंगा मात्र धरलेल्या नसतात किंवा दाणा पोचट राहतो. वरून बघणाऱ्याला पीक जोमात दिसते. बांधावर उभा असलेला माणूस झाड उपटून बघतो आणि काय ते समजतो. येस-टेकमध्ये केवळ हिरवाई बघत नाहीत, हवामान आणि पीकवाढीची गणिती प्रारूपेही वापरतात, हे मान्य. पण ती प्रारूपे या जिल्ह्यातल्या सोयाबीनवर, इथल्या मुरमाड आणि काळ्या जमिनींवर, इथल्या खंडांच्या वर्षांत किती टक्के चुकतात, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आणखी एक खाच. संहितेतला व्हीसीआय हा निर्देशांक आजची हिरवाई त्याच जागेच्या मागच्या वर्षांतल्या सर्वात कमी आणि सर्वात जास्त हिरवाईशी ताडतो. त्यात ६० च्या वर चांगले, ४० ते ६० बरे, ४० च्या खाली वाईट. पण ज्या शिवारात दहा वर्षांपूर्वी बाजरी होती आणि आज शेततळ्यावरचे डाळिंब आहे, तिथे ही तुलना कोणाशी होते? जमिनीची जागा तीच राहिली, वापर बदलला. संगमनेर-राहाता भागात असे बदललेले शिवार शोधायला लांब जावे लागत नाही.

सत्यमापन: शब्द चांगला, पण तपशील कुठे?

शासकीय मराठीत गावात जाऊन केलेल्या तपासणीला 'सत्यमापन' म्हणतात. इंग्रजी शब्दाहून सुंदर शब्द आहे. संहितेप्रमाणे बाधित तालुक्यातली १० टक्के गावे कोणताही कल न ठेवता निवडायची आणि प्रत्येक गावात मुख्य पिकांची प्रत्येकी पाच ठिकाणे बघायची. महाराष्ट्राने त्यासाठी 'महामदत' ही प्रणाली वापरली. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारखी, १९८८ पासून काम करणारी संस्था राज्याच्या हाताशी आहे. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. साधने आणि माणसे नाहीत, असे म्हणायला जागा नाही.

मग उणीव कुठे? या सत्यमापनाचा उपयोग सध्या मुख्यतः निर्णयाची शेवटची पायरी म्हणून होतो. उपग्रहाचा आकडा आणि बांधावरचे निरीक्षण यांत किती ठिकाणी मेळ बसला, किती ठिकाणी नाही, कोणत्या पिकात आणि कोणत्या जमिनीत जास्त चुकले, याचा तक्ता सामान्य वाचकाच्या हाती कधी पडत नाही. तोच तर पडताळणीचा खरा निकाल!

विम्यात अडचण आणखी खोल आहे. तंत्रज्ञानाचा अंदाज शिकतो तो पीक कापणी प्रयोगांवरून. ठरलेल्या मापाचा चौकोन आखून पीक कापायचे, वजन करायचे. पण कापणीच्या वेळी बांधावर कोण कोण उभे आहे, याचा परिणाम वजनावर होतो हे उघड गुपित आहे. एका बाजूला आकडा कमी यावा असे वाटणारे गाव, दुसऱ्या बाजूला जास्त यावा असे वाटणारी कंपनी. ओढाताणीतून आलेले वजन जर प्रारूपाला 'सत्य' म्हणून शिकवले, तर ते प्रारूप ती ओढाताणच शिकेल आणि पुढे यंत्राच्या अधिकारवाणीने आपल्याला परत ऐकवेल.

त्यातून ज्या शेतांवरून शिकवले त्याच शेतांवर परीक्षा घेतली तर गुण भरघोस येणारच. फुटलेल्या पेपरवर मिळालेले गुण कोण मानतो? पडताळणीची शेते वेगळी, आधी न दाखवलेली आणि निवडीत कोणाचा हात नसलेली असावी लागतात. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या पिकाचे छायाचित्र जागेसह नोंदवतो. त्यातली काही टक्के नोंदी नमुन्याने तपासून बाजूला ठेवल्या, तर पिकांचे नकाशे ताडून बघायला एवढा मोठा साठा दुसरा नाही.

टक्केवारी ऐकतानाही सावध राहायला हवे. समजा एका मंडळात १०० शेते तपासली. ५० सोयाबीनची, ५० इतर. नकाशाने सोयाबीनची ४८ ओळखली, पण इतरांपैकी २० शेतांनाही सोयाबीनच म्हटले. आता 'सोयाबीन ओळखण्यात ९६ टक्के यश' हे वाक्य खरे आहे. 'एकूण अचूकता ७८ टक्के' हेही खरे. आणि नकाशावर सोयाबीन दिसणाऱ्या शेतात प्रत्यक्ष सोयाबीन असण्याची शक्यता ७१ टक्केच, हेही खरे. पत्रकात यातला कोणता आकडा येईल, ते वाचकांनी ओळखावे.

मागणी यंत्र बंद करण्याची नाही

उपग्रह नको, जुनी आणेवारीच बरी, असा सूर काही ठिकाणी निघतो. तो आम्हाला मान्य नाही. आणेवारीच्या काळात कोणत्या गावाचा आकडा कोणाच्या ओसरीवर ठरत असे, हे जुन्या माणसांना विचारावे. उपग्रह निदान कोणाचे पाहुणे-रावळे बघत नाही. त्याचा एक मोठा गुण असा की त्याचे चित्र जपून राहते. दहा वर्षांनीही ते उघडून हिशेब पुन्हा मांडता येतो. मात्र तो मांडायला लागणारी माहिती खुली असेल तरच.

म्हणून मंडळनिहाय आकडा जाहीर करताना त्याच्याबरोबर तो कोणत्या उपग्रहाचा, कोणत्या तारखांचा, किती ढगविरहित चित्रांचा आणि अंदाजे किती टक्के चुकू शकणारा आहे, हे मराठीत छापले पाहिजे. उत्पादन हेक्टरी अमुक किलो असे एकच टोकदार वाक्य लिहिण्याऐवजी अमुक ते तमुक असा पल्ला द्यावा. उंबरठा त्या पल्ल्याच्या आत पडत असेल तर त्या मंडळात जादा कापणी प्रयोग आपोआप व्हावेत. त्यासाठी कोणाला अर्ज-विनंत्या कराव्या लागू नयेत.

दुसरे, जिल्ह्यात कायमस्वरूपी पडताळणीची शेते हवीत. राहुरी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, अकोल्याच्या खाचरांत, नेवासा-शेवगावच्या काळ्या जमिनीत, कर्जत-जामखेडच्या हलक्या रानात. उपग्रह येण्याच्या दिवशी अकराच्या सुमारास तिथे परतणारा प्रकाश, पानांची दाटी, जमिनीचा ओलावा मोजायचा आणि हंगामाअखेर वजन करायचे. हवेतली धूळ मोजणारे सूर्याभिमुख उपकरण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत वर्षानुवर्षे चालते आहे. तसे एक इथेही बसवायला हवे. कृषीच्या विद्यार्थ्यांना यासारखे दुसरे प्रात्यक्षिक नाही. विम्याच्या हप्त्यापोटी सरकार भरत असलेल्या रकमेपुढे याचा खर्च किरकोळ ठरेल.

तोपर्यंत मोबाइलवर आपल्या शेताचा रंगीत नकाशा बघणाऱ्यांसाठी दोन शब्द. लाल-पिवळा-हिरवा हे रंग उपग्रहाचे नाहीत, ॲपवाल्याने निवडलेले आहेत. दोन ॲपमध्ये एकच शेत वेगळ्या रंगाचे दिसू शकते. रंगाखालचा आकडा आणि चित्राची तारीख बघा. त्या तारखेला आभाळ होते का, ते आठवा. एकाच शेतात एक कोपरा सतत मागे पडताना दिसत असेल तर तो संकेत बऱ्यापैकी भरवशाचा असतो, कारण काटा तोच, दिवस तोच आणि वरची हवाही तीच. दोन वेगळ्या वर्षांची किंवा दोन वेगळ्या उपग्रहांची तुलना मात्र जपून करा.

आणि पीक करपताना त्याचे छायाचित्र काढायचे झाले तर जागेची आणि वेळेची नोंद चालू ठेवून, शक्यतो उपग्रह येण्याच्या दिवशी काढा, झाडाबरोबर शेंगाही उघडून दाखवा. मंडळाच्या आकड्यावर हरकत घ्यायची वेळ आली, तर त्याच दिवशीच्या उपग्रह-चित्राशेजारी ठेवता येईल असा पुरावा तो असेल.